वावरातून वर जाणारा फोटो

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. तलाठी कार्यालयाच्या चकरा कमी झाल्या. ज्या उताऱ्यासाठी कास्तकाराला दिवसाची मजुरी बुडवावी लागायची, तो सेवा केंद्रावर काही मिनिटांत हातात पडू लागला. त्यानंतर तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पेरा कशाचा, किती क्षेत्रात, ही जी नोंद पूर्वी तलाठी करायचा ती आता शेतकऱ्यानं स्वतः करायची. आपल्या गटात उभं राहायचं, मोबाइलमधलं अ‍ॅप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि अक्षांश-रेखांशासह तो पाठवून द्यायचा. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, हमीभावानं खरेदी, या साऱ्यांसाठी ती नोंद विचारली जाऊ लागली. दोन्ही कामं सातबाऱ्याचीच आणि दोन्ही ऑनलाइन, पण त्यांतला प्रवाह उलट दिशांना वाहतो. सातबारा सर्व्हरवरून माणसाकडे येतो. तो आज मिळाला नाही तर उद्या मिळतो, गावात मिळाला नाही तर तालुक्याला, समजा काटोलला, मिळतो. पीक पाहणीचा फोटो मात्र माणसाकडून सर्व्हरकडे जातो, आणि तो ठरलेल्या जागी काढलेला, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या खात्यावरच जावा लागतो.

गेल्या तीस वर्षांत इंटरनेट घरापर्यंत आणणारी साधनं पाच-सहा वेळा बदलली. टेलिफोनची तार, केबलवाल्याची तार, डोंगल, थ्रीजी, फोरजी, काचेचा तंतू, फाइव्हजी. या बदलाची गोष्ट आपण नेहमी वेगाच्या भाषेत सांगतो, आणि वेग म्हणजे डाऊनलोडचा वेग हे गृहीत धरतो. माझ्या मते त्या गोष्टीतला मुख्य बदल वेगाचा नाही. वापरणाऱ्याची गरज घेण्याकडून देण्याकडे सरकली आहे. नागरिक आता प्रामुख्यानं पाठवणारा झाला आहे आणि त्यानं पाठवलेल्या चिमूटभर माहितीवर त्याचे हक्क अवलंबून आहेत. साधनं मात्र अजून पाहणाऱ्यासाठी, ऐकणाऱ्यासाठी, उतरवून घेणाऱ्यासाठी बांधली जातात. हे तपासायला नागपूर आणि त्याभोवतीचा विदर्भ याहून चांगली जागा नाही. देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून राज्य सरकारनं गेल्या दशकात नागपूरचं नाव पुढं केलं. १४ एप्रिल २०१७ रोजी भीम-आधार ही अंगठ्यावर चालणारी देयकव्यवस्था पंतप्रधानांनी नागपुरातूनच देशासाठी खुली केली. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलनं ज्या पहिल्या आठ शहरांत फाइव्हजी सुरू केलं, त्यांत दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, सिलिगुडी आणि वाराणसीच्या जोडीनं नागपूर होतं. पुणे त्या यादीत नव्हतं. म्हणजे तंत्रज्ञान इथं उशिरा आलं, ही तक्रार निदान गेल्या दहा वर्षांपुरती तरी करता येत नाही.

१९९५ मध्ये चित्र वेगळं होतं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत. ज्या शहरात नोड, म्हणजे जोडणीचं केंद्र, नाही तिथून नोडच्या शहराला एसटीडी लावूनच जोडणी मिळायची आणि एसटीडीचं मीटर चालू राहायचं. २५० तासांचं वैयक्तिक खातं ५,००० रुपयांचं आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिटपर्यंत. आजच्या साध्या फोननं काढलेला तीन एमबीचा एक फोटो त्या वेगानं पाठवायचा म्हटलं तर चाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल, तोही लाइन न तुटता. त्यामुळे तेव्हाच्या वापरणाऱ्याची गरज आपोआपच मजकुरापुरती होती: ईमेल, परदेशी विद्यापीठांची माहिती, एखादा शोधनिबंध. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी ५६ किलोबिटचं मोडेम प्रमाणित झालं आणि त्या मोडेममध्ये एक गोष्ट घडली, जिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. तोवर टेलिफोनच्या तारेवरून जायचा आणि यायचा वेग सारखाच असे. नव्या मोडेममध्ये यायचा वेग ५६ किलोबिट आणि जायचा ३३.६ राहिला. एक्स्चेंजच्या बाजूचं जाळं डिजिटल झालं होतं, घरातली तार जुनीच होती, त्यामुळे खाली येणाऱ्या माहितीला सवलत मिळाली आणि वर जाणारीला मिळाली नाही. या असमानतेचं मूळ तांत्रिक सोयीत होतं आणि त्या काळाच्या गरजेला ती शोभतही होती.

पुढे हीच असमानता नियम बनली. बीएसएनएलनं जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड आणलं ते एडीएसएल तंत्रावर, आणि या नावातलं पहिलंच अक्षर ‘असमान’ असा अर्थ सांगतं. त्याची सुधारित आवृत्ती कागदावर २४ मेगाबिट खाली आणते आणि वर सुमारे एक मेगाबिट नेते. तेही एक्स्चेंज जवळ असेल तर. तांब्याच्या तारेत अंतराबरोबर सिग्नल विरत जातो, म्हणून एक्स्चेंजच्या सावलीतल्या घराला जे मिळायचं ते शहराच्या कडेला नव्यानं पडलेल्या ले-आउटमधल्या घराला मिळत नसे. केबलवाल्यांचं जाळं तर मुळात टीव्ही दाखवायला टाकलेलं, माहिती परत नेण्याची वाट त्यात नंतर जोडलेली. तरीही लोक खूश होते आणि त्यांचं खूश असणं योग्यच होतं. दहावी-बारावीचा निकाल सायबर कॅफेत पाहणं, रेल्वेचं तिकीट, गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर, हे सगळं उतरवून घेण्याचंच काम. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतला वापर मोजला जात नसे. रात्री डाऊनलोड लावून झोपायचं आणि सकाळी पाहायचं, ही त्या काळातल्या कॉलेजच्या मुलांची सवय त्यातून आली. त्या सवयीत ग्राहकाची गरज नेमकी दिसते. वेळ कोणतीही चालेल, अडलं तर पुन्हा लावू, फक्त माल पुरा उतरला पाहिजे. ब्रॉडबँड धोरणानंही २००४ मध्ये हीच व्याख्या केली: कायम सुरू असणारी आणि किमान २५६ किलोबिट डाऊनलोड देणारी जोडणी. ती मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. आकडे वाढत गेले, पण अपलोडचा किमान वेग किती असावा याबद्दल तिन्ही व्याख्यांत एक अक्षर नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि इंटरनेट घराच्या तारेवरून माणसाच्या खिशात आलं. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी डेटाला सरासरी २७० रुपयांच्या आसपास पडायचे. काही वर्षांत हाच दर दहा रुपयांच्या घरात आला. स्वस्ताईचं हे श्रेय मोकळेपणानं द्यायला हवं, कारण तिच्यामुळे शेतमजूर बाई आणि कंपनीचा मॅनेजर एकाच प्रकारच्या जाळ्यावर आले. याआधीच्या कोणत्याही साधनानं हे घडवलं नव्हतं. पण त्याच वेळी देशानं एक निवड केली, आणि ती निवड आहे हे फारसं कुणी बोललं नाही. आज देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांत तारेवरचे ग्राहक शंभरात चार-पाचच आहेत. बाकीच्यांचं सगळं इंटरनेट मोबाइलच्या टॉवरवरून येतं. टॉवरवरून येतं ठीक, पण टॉवरकडे जाताना काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

टॉवरवरचा अँटेना दहा-वीस वॅटपासून शेकडो वॅटपर्यंतच्या शक्तीनं बोलतो. त्याला महावितरणची वीज आहे, बॅटऱ्या आहेत, अनेक ठिकाणी डिझेल जनरेटर आहे. फोन बोलतो तो साधारण वॅटच्या पाचव्या हिश्शानं, कारण त्याची बॅटरी लहान आणि तो माणसाच्या अंगाजवळ असतो. त्यामुळे टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो पण फोनचा आवाज टॉवरला नीट पोचत नाही, असा एक मोठा पट्टा प्रत्येक टॉवरभोवती असतो. त्या पट्ट्यात फोनवर दोन दांड्या दिसतात, व्हिडिओ अडखळत का होईना चालतो, आणि फोटो मात्र जात नाही. फोन तोच तुकडा पुन:पुन्हा पाठवत राहतो, गरम होतो, बॅटरी उतरते आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहून येतं. अंतराबरोबर झाडीही आड येते. खरिपात तूर डोक्याच्या वर गेलेली असते, काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत पानं ओली असतात, आणि ओलं पान रेडिओलहरी शोषून घेतं. रामटेक, पारशिवनीच्या पेंचलगतच्या गावांत तर टेकड्या आणि दाट झाडी दोन्ही आहेत. फाइव्हजीच्या मुख्य पट्ट्यात खाली येणं आणि वर जाणं एकाच लहरीवर आळीपाळीनं चालतं, आणि साधारण तीन-चतुर्थांश वेळ खाली येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. लोक व्हिडिओ पाहतात, म्हणून ही वाटणी. म्हणजे फोटो पाठवणाऱ्याच्या वाट्याला आधीच कमी शक्ती, आणि त्यात कमी वेळ. खरिपाच्या पीक पाहणीचे दिवस नेमके पावसाळ्याच्या हिरव्या, ओल्या महिन्यांत येतात, आणि फोटो गटात उभं राहूनच काढावा लागतो. वेगाची चाचणी गावच्या चौकात, टॉवरच्या उजेडात घेतली तर यातलं काहीच दिसणार नाही.

पाठवणारी माणसं कोण, हे एकेक करून पाहिलं की प्रश्नाचा आवाका कळतो. अंगणवाडी सेविकांना मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर मुलांची वजनं, उंच्या, हजेरी भरावी लागते. त्यांना २०१९ मध्ये दिलेले फोन त्या अ‍ॅपला पुरेनात, अ‍ॅपही इंग्रजीत. म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. या आंदोलनाच्या बातम्या मानधन आणि फोनच्या दर्जाभोवती फिरल्या, पण त्याच्या मुळाशी एक नवं काम होतं: गावातल्या बाईनं रोज वरच्या दिशेनं माहिती पोचवायची, न पोचली तर दोष तिचा. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली, म्हणजे आता आकड्यांच्या जोडीला चेहराही वर जाऊ लागला. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, फोटोसह, अ‍ॅपवर घ्यावी लागते. पांदण रस्त्याचं काम असो की तळ्यातला गाळ काढायचा असो, ते बहुधा गावाबाहेरच चालतं, आणि फोटो गेला नाही तर घाम गाळूनही हजेरी लागत नाही. पीकविम्यात कित्येक हंगाम असा नियम होता की वैयक्तिक नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचं. वादळात वीज गेलेली, टॉवर बंद पडलेला आणि घड्याळ मात्र चालू. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर स्वतः नोंदणी करणं आवश्यक झालं. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली. राज्यभरातून बायका एकाच संकेतस्थळावर लोटल्या, ओटीपी येईना, आलेला ओटीपी भरेपर्यंत त्याची वेळ संपून जाई, आणि मुदत वाढवावी लागली. या यादीत विद्यार्थीही आहेत. अकरावीचे पसंतीक्रम, सीईटीचे अर्ज, कागदपत्रांच्या स्कॅन प्रती, सगळं तारखेच्या आत वर गेलं पाहिजे. या एकाही कामाला मोठा वेग लागत नाही. काहीशे केबीची फाइल, सहा आकड्यांचा ओटीपी, बस्स. लागते ती खात्री, की आत्ता, इथून, एकदा पाठवलं की पोचेल.

पहिला डिजिटल जिल्हा म्हणून नागपूरची जी निवड झाली तिच्याकडे या नजरेनं पाहिलं पाहिजे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा तंतू न्यायचा होता. नागपूर जिल्ह्यातल्या सातशेहून अधिक ग्रामपंचायती जोडल्याचं जाहीर झालं. तंतू पोचला हे खोटं नव्हतं. पण तो पोचला ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, एका भिंतीवरच्या पेटीत. पेटीला वीज हवी, कार्यालय उघडं हवं, आणि तिथून पुढे घरांत, शाळेत, दवाखान्यात जोडण्या देणारा कुणीतरी हवा. या शेवटच्या तुकड्याची जबाबदारी कुणाची, याचं स्पष्ट उत्तर योजनेत नव्हतं. शिवाय तंतू टाकला तो सरळ रेषेत, तालुक्यापासून एका गावाहून पुढच्या गावाला. मधल्या एका ठिकाणी रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं तो तोडला की पुढची सगळी गावं एकदम बंद. ही चूक सरकारनंही अप्रत्यक्षपणे मान्य केली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा जो सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला, त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी धरली आहे. एका बाजूनं तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं माहिती जात राहावी, हा तिचा हेतू. मेळघाटातल्या हरिसालचा अनुभवही याच जातीचा. धारणी तालुक्यातलं हे गाव मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून उभं राहिलं. टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून जंगलात इंटरनेट नेण्याची कल्पना खरोखर चांगली होती, कारण त्या लहरी झाडीतून आणि डोंगराआडून इतरांपेक्षा चांगल्या जातात. पण २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी त्याच गावातल्या बंद पडलेल्या सोयींची चित्रफीत सभांतून दाखवली आणि हरिसाल राजकीय वादात सापडलं. त्या वादात एक साधा प्रश्न मागे पडला: उद्घाटनाच्या दिवशी चाललेली यंत्रणा तिसऱ्या पावसाळ्यात दुरुस्त कोण करणार होतं, आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार होता?

शहरातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. फाइव्हजीच्या पहिल्या आठांत नागपूर आलं याचा अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. मिहान या औद्योगिक क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, तिथल्या कंपन्यांना आपापले तंतू आहेत. प्रश्न त्यांच्या कर्मचाऱ्याच्या घराचा आहे, ज्याला टाळेबंदीनंतर आठवड्यातले काही दिवस तरी घरून व्हिडिओ बैठकीत बसायचं असतं, म्हणजे तासन्‌तास स्वतःचं चित्र वर पाठवायचं असतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दूरस्थ सुनावणीला उभ्या राहणाऱ्या वकिलाचा आहे. अशा कामाला घरापर्यंत आलेला तंतू हेच योग्य साधन. आज सर्वत्र वापरात असलेल्या तंतूच्या तंत्रात एका वाहिनीवर सुमारे २.५ गिगाबिट खाली आणि १.२५ गिगाबिट वर जाऊ शकतात. दोन विरुद्ध एक. एडीएसएलच्या चोवीस विरुद्ध एकशी ही तुलना करून पाहा. पण नागपुरातला बराचसा तंतू विजेच्या आणि दिव्यांच्या खांबांवरून लोंबत घरांत शिरतो आणि जमिनीखालचा दर वेळी नव्या सिमेंट रस्त्याच्या, मेट्रोच्या, नाल्याच्या कामात तुटतो. मार्च २०२३ मध्ये खोदण्याआधी केबलची माहिती देणारं अ‍ॅप केंद्रानं आणलं, २०२५ च्या सुरुवातीपासून खोदाई परवान्यांचे नवे नियमही लागू झाले. ते अमलात येतात की नाही हे महापालिकेच्या कंत्राटदाराच्या जेसीबीपाशी ठरतं, आणि तिथं देखरेख कमी पडते. स्मार्ट सिटी योजनेत शहरात सुमारे १,२०० किलोमीटरचं तंतूजाळं धरलं होतं. त्यातून हजारो कॅमेऱ्यांची चित्रं नियंत्रण कक्षाकडे जातात. वर पाठवण्यासाठी भक्कम जाळं कसं बांधायचं हे या शहराला ठाऊक आहे, हे त्यावरून दिसतंच. तीच भक्कम जोडणी नागरिकाच्या घरापर्यंत का येऊ नये, हा प्रश्न मग विचारावाच लागतो.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की जाळ्यावरची बहुतेक रहदारी खाली येणारी आहे. महिन्याला एक मोबाइल ग्राहक सरासरी वीस जीबीच्या पुढे डेटा वापरतो, त्यात व्हिडिओचा वाटा फार मोठा, आणि कंपन्या मागणीनुसार बांधतात यात गैर काय? रहदारीचा हिशेब बरोबर आहे. पण गरज बाइटमध्ये मोजता येत नाही. दोन तासांचा सिनेमा हा एक-दोन जीबीचा, आणि पिकाचा फोटो त्याच्या हजारात एक हिश्शाएवढा. सिनेमा थांबला तर माणूस चिडतो, फोटो थांबला तर त्याचा विमा अडतो. शिवाय जे पाठवता आलं नाही ते रहदारीत मोजलंच जात नाही. अडलेल्या फोटोची नोंद कंपनीच्या आलेखात शून्य दिसते आणि त्या शून्याचा अर्थ ‘मागणी नाही’ असा काढला जातो. दुसरा आक्षेप असा की दोष जाळ्याचा नाही, सर्व्हरचा आहे. ई-केवायसीच्या वेळी हे बऱ्याच अंशी खरं होतं. पण सेवा केंद्राच्या ओटीवर बसलेल्या बाईला दोष कुठल्या खात्याचा याच्याशी कर्तव्य नसतं. तिच्या बोटापासून मंत्रालयाच्या सर्व्हरपर्यंतची सगळी साखळी म्हणजे तिचं इंटरनेट. आणि एकाच मुदतीत कोटी-दोन कोटी लोकांना बोलावणं हा तर प्रशासनाचा निर्णय आहे. आडनावांनुसार, तालुक्यांनुसार, आठवड्यांत विभागून बोलावलं असतं तर तोच सर्व्हर पुरला असता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तंत्रज्ञान आधी येतं आणि गरज मागून, असा इतिहास आहे; फोरजी आलं नसतं तर पीक पाहणीचं अ‍ॅप कुणी कल्पिलंही नसतं; तेव्हा जाळं जसजसं दाट होईल तसतसे हे प्रश्न आपोआप सुटतील, मधल्या काळाचा इतका बाऊ कशाला? सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी देशभर सुरू झालं, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसारख्या जिल्ह्यांसाठी स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी इरादापत्र केलं. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीला उपग्रहाचा खरोखर उपयोग होईल, यात मला शंका नाही. पण ‘आपोआप’ या शब्दावर विश्वास ठेवायला इतिहासात आधार नाही. १९९८ च्या मोडेमपासून ते फाइव्हजीच्या वेळवाटणीपर्यंत प्रत्येक पिढीत वर जाणाऱ्या माहितीला उरलंसुरलं मिळालं, कारण मागणाऱ्यानं ते मागितलं नाही आणि नियमानं ते सांगितलं नाही. जिथं गरज ओळखून साधन आखलं तिथं फार महाग तंत्रज्ञान लागलं नाही, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. यूपीआयचा एक व्यवहार काही केबींचा. कमकुवत जाळ्यावरही तो तडीस जावा, अर्धवट राहिला तर पैसे परत यावेत, साध्या फोनवरूनही करता यावा, अशी त्याची रचना हळूहळू सुधारत नेली. २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. पैशाच्या बाबतीत जी काळजी घेतली ती हजेरीच्या आणि पिकाच्या फोटोबाबत घेता येते. फोटो काढल्याची वेळ आणि जागा फोनमध्येच पक्की नोंदवायची, पोचपावती फोनवरच द्यायची, रेंज मिळेल तेव्हा फोटो जाऊ द्यायचा, आणि मुदत पाठवल्याच्या नव्हे, काढल्याच्या वेळेवरून मोजायची. एवढं केलं तरी टॉवरच्या कडेला उभ्या असलेल्या कास्तकाराचा निम्मा ताण उतरेल.

उरलेला निम्मा जाळ्याचा आहे आणि तो मोजल्याशिवाय सुटणार नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं २०१५ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या करताना २५ मेगाबिट खाली आणि ३ वर, असे दोन आकडे दिले, आणि मार्च २०२४ मध्ये ते १०० आणि २० केले. आपल्या व्याख्येत दुसरा आकडा यायला हवा. तो मोठा असण्याची गरज नाही, पण तो असला म्हणजे कंपनीला टॉवरची जागा ठरवताना फोनच्या क्षीण आवाजाचाही विचार करावा लागेल, आणि ग्रामपंचायतीतल्या पेटीपासून शाळेपर्यंतचा तुकडा कुणीतरी जोडावाच लागेल. ट्राय या दूरसंचार नियामकानं २०२४ च्या नियमांत कंपन्यांना आपापल्या सेवेचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले, हे चांगलं पाऊल. पण त्या नकाशातला रंग टॉवरचा आवाज कुठवर जातो ते सांगतो, फोनचा आवाज परत येतो का ते सांगत नाही. ही माहिती गोळा करायला वेगळं सर्वेक्षण लागणारही नाही. पीक पाहणीच्या प्रत्येक फोटोबरोबर तो कधी काढला आणि सर्व्हरवर कधी पोचला, या दोन वेळा नोंदवल्या तर त्यांतल्या अंतरातून गावागावातल्या जाळ्याची खरी स्थिती उघड होईल. भरपावसात, वावरात उभं राहून, साध्या फोनवरून केलेली लाखो मोजमापं कोणत्याही कंपनीकडे नाहीत आणि ट्रायकडेही नाहीत. ती तालुकावार, महिनावार जाहीर करायला नवा टॉवर लागत नाही की नवी खोदाई लागत नाही, महसूल खात्याचा एक आदेश पुरतो. सुरुवात नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड आणि भिवापूर तालुक्यांपासून करता येईल, आणि तीही येत्या रब्बीच्या पाहणीपासूनच.